हंगामी स्थलांतर आणि बालकांचे हक्क : ऊसतोड कामगारांच्या मुलांसंबंधी काही विचार

विकसनशील देशांतील बालकल्याणाचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे अवश्य असते. मुलाला कोणते हक्क आहेत हा पहिला प्रश्न, आणि ते हक्क त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतात हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात बऱ्याच अंशी निश्चित झालेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता संमत केली व भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तिचा स्वीकार केला. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट झाला आणि २००९ चा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. दुसरा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे उदाहरण घेऊन त्याचा विचार करण्याचे योजिले आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, आपल्याकडील बालकांचे हक्क गावाच्या पत्त्यावर दिलेले आहेत. ज्या मुलाचा पत्ता वर्षातून दोनदा बदलतो त्याच्या हाती ते पडत नाहीत.

१. स्थलांतराचे स्वरूप

महाराष्ट्रातील सहकारी साखर-उद्योगाची वाढ हा आपल्या आर्थिक इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय होय. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा परिसरात उभा राहिलेला कारखाना १९५० च्या सुमारास चालू झाला आणि त्यानंतरच्या दशकांत उसाचे क्षेत्र व कारखान्यांची संख्या ही दोन्ही वाढत गेली. या पिकाचा एक गुणधर्म येथे ध्यानात घ्यावयास हवा. ऊस तोडल्यानंतर जितका वेळ जाईल तितका त्यातून मिळणाऱ्या साखरेचा उतारा घटतो. यास्तव तोडणी व गाळप यांत शक्य तितके कमी अंतर ठेवावे लागते, आणि कारखाना चालू आहे तोवर फडावरील कोयता थांबू शकत नाही. म्हणजे उद्योगाला माणसे फार मोठ्या संख्येने हवी असतात, एकाच वेळी हवी असतात, परंतु वर्षातून पाच-सहा महिनेच हवी असतात.

ही माणसे मुख्यतः अवर्षणप्रवण भागातून येतात. बीड जिल्हा हे त्यांचे सर्वांत मोठे उगमस्थान होय. त्याखेरीज अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडील गावे, तसेच जालना, परभणी, धाराशिव इत्यादी जिल्ह्यांतूनही कुटुंबे निघतात. पावसावरचे एक पीक काढून झाले की हाताला काम उरत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे घराला कुलूप लावून पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत, किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. या कामगारांची संख्या लाखांत मोजावी लागते.

मजुरीची पद्धत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हंगामापूर्वी मुकादम कुटुंबाला 'उचल' देतो. ती एका माणसाला मिळत नाही. नवरा व बायको मिळून होणाऱ्या जोडीला मिळते. या जोडीलाच 'कोयता' म्हणतात, आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता' समजला जातो. मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर ठरते व तीतून उचल वळती होते. कामाला न गेल्यास 'खाडा' धरून पैसे कापले जातात. हंगामाच्या अखेरीस उचल फिटली नाही तर उरलेली बाकी पुढील हंगामाच्या खात्यावर चढते.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. मुंबईच्या गिरण्यांत काम करावयास कोकणातून व घाटावरून माणसे गेली, तेव्हा बहुधा पुरुष एकटाच जात असे. बायको, मुले व म्हातारी माणसे गावी राहत. त्या स्थलांतराची दुःखे निराळी होती, परंतु चाकरमान्याच्या मुलाची शाळा त्याच्या जाण्याने सुटत नसे. ऊसतोडीत कामाचे परिमाणच जोडीचे असल्यामुळे आई व बाप दोघेही घर सोडतात. मुलाला बरोबर न्यावयाचे की मागे ठेवावयाचे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे दरसाल उभा राहतो, आणि दोन्ही उत्तरांत मुलाचे काही ना काही नुकसान ठरलेले असते.

२. कायद्याची घडण

सक्तीच्या शिक्षणाची कल्पना आपल्याकडे प्रथमपासून प्रदेशाशी जोडलेली आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये प्रथम अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदे संस्थानास लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ साली मांडलेल्या विधेयकात, जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण एका मर्यादेपर्यंत पोहोचले आहे अशाच भागात स्थानिक संस्थांनी सक्ती करावी अशी योजना होती. ते विधेयक १९१२ मध्ये नामंजूर झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि मुंबई इलाख्याच्या १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार दिला. या सर्व प्रयत्नांत एक गाव किंवा एक भाग घ्यावयाचा, त्यातील मुले मोजावयाची आणि तेथील शाळेत ती येतात की नाही हे पाहावयाचे, अशीच रीत होती. लोकसंख्येचा फार मोठा भाग एका जागी वस्ती करून राहत होता, त्या काळी ही रीत वाजवीच होती.

२००९ च्या कायद्यातही 'नजीकची शाळा' हीच मूळ कल्पना आहे. केंद्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. तथापि कायदेकर्त्यांना स्थलांतराचा विसर पडला होता असे म्हणता येणार नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी असल्याचे नवव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. पाचव्या कलमाने एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क दिला असून दाखल्याला विलंब झाल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. चौथ्या कलमान्वये मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसवावयाचे असते, आणि चौदाव्या कलमान्वये वयाच्या पुराव्याअभावी त्यास परत पाठविता येत नाही. कागदावर पाहिले तर दार उघडे आहे.

मग मूल आत का येत नाही? याचे कारण कर्तव्याच्या वाटणीत सापडते. ज्या गावातून मूल गेले तेथील पटावर त्याचे नाव कायम असते. त्यामुळे त्या गावच्या हिशेबात ते शाळेत आहे. ज्या गावाच्या शिवारात ते उतरले तेथील शिक्षकाला ते आल्याचे कळविणारे कोणी नसते. त्यामुळे त्या गावच्या हिशेबात ते नाहीच. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी कायद्याने वर्षात किमान २०० व सहावी ते आठवीसाठी २२० दिवस कामाचे ठरविले आहेत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. ऑक्टोबरच्या अखेरीस गेलेले मूल मार्चच्या शेवटी परतले, तर दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण त्याच्या हातून जाते. पुढच्या वर्षी ते वरच्या वर्गात बसते खरे, परंतु मागील वर्षाची वजाबाकी-भागाकाराची निम्मी पायरी तशीच राहून गेलेली असते. अशी तीन-चार वर्षे गेली म्हणजे वर्गात बसणे त्याला निरर्थक वाटू लागते, आणि ज्याला आपण गळती म्हणतो ती घडून येते.

इतर हक्कांचीही हीच स्थिती आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडी गावातील बालकांची नोंद ठेवून आहार, लसीकरण व वजन यांची व्यवस्था पाहते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाचा आहाराचा हक्क अंगणवाडीमार्फतच दिला आहे. हंगामात बालक त्या नोंदवहीपासून शे-दोनशे मैल दूर असते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच करावी लागते व त्यासाठी २१ दिवसांची मुदत असते. फडावर जन्मलेल्या बालकाची नोंद परक्या गावात व्हावयाची असते, आणि मुदत संपण्यापूर्वी तळ पुढच्या गावी हललेला असण्याचा संभव असतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मदाखल्यास पुष्कळ कामांसाठी एकमेव पुराव्याचे स्थान दिलेले आहे. त्यामुळे ही हुकलेली नोंद पुढील आयुष्यात पूर्वीपेक्षा अधिक महाग पडणार, हे उघड आहे.

३. फडावरील बालपण

आता मूल बरोबर आले असता त्याचे काय होते ते पाहू. कामगार पहाटेच्या अंधारात तळावरील कोपी सोडतात. अंगावर पिणारे मूल आईबरोबर फडाच्या बांधावर येते व पाचटावर किंवा साडीच्या झोळीत निजते. थंडी, साप-विंचू व ऊस वाहणारी वाहने ही त्याची रोजची संकटे होत. त्याहून थोडी मोठी मुले कोपीत राहतात आणि त्यांच्यावर आठ-दहा वर्षांची बहीण लक्ष ठेवते. पाणी आणणे, चूल पेटविणे हेही तिच्याकडेच असते. दहा-बारा वर्षांचा मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधू लागतो. भरणीचे वाहन रात्री-बेरात्री आले तर आईबाप पुन्हा निघून जातात आणि मुले एकटीच राहतात.

बालमजुरीविरुद्धच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामावर ठेवण्यास मनाई झाली. शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या व्यवसायात मदत करणे हा एक अपवाद ठेवण्यात आला. ऊसतोड हा कुटुंबाचा व्यवसाय म्हणता येईल काय, हा वाद क्षणभर बाजूस ठेवू. मजुरी वजनावर व जोडीला मिळत असल्यामुळे मुलाने बांधलेली मोळी आईबापांच्या वजनात मिसळून जाते. त्याला कोणी कामावर ठेवलेले नसते व कोणी मजुरी दिलेली नसते. कायदा मोडला जातो, पण मोडणारा सापडत नाही. उचलीचा बोजा जितका मोठा, तितकी मुलाच्या हातांची गरज अधिक, हा या व्यवस्थेचा अंगभूत परिणाम होय.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी गावी म्हाताऱ्या आजीपाशी ठेवावी तर आईबापांच्या जिवाला घोर, आणि तळावर आणावी तर तेथे दाराला कडी नाही. अशा वेळी तिचे लग्न करून देणे हा सुरक्षिततेचा मार्ग वाटतो. शिवाय लग्न झालेली जोडी हा नवा कोयता असतो व त्यास स्वतंत्र उचल मिळते. २००६ च्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ ठरविले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांपूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आढळले. बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांहून अधिक होते. या अंतराचे एकमेव कारण स्थलांतर आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि वर सांगितलेली उचलीची पद्धत लक्षात घेता, स्थलांतराचा त्यात काहीच वाटा नाही असेही म्हणता येणार नाही.

४. आजवरचे उपाय

या प्रश्नावर आजवर योजलेल्या उपायांचे तीन वर्ग पडतात.

पहिला उपाय मुलाला गावीच ठेवण्याचा. यासाठी शाळांमार्फत हंगामी वसतिगृहे चालविली जातात. पुष्कळ ठिकाणी मुलांना सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळते व रात्री ती आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपतात. २०२१ साली राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने निवासी वसतिगृहांची योजना मंजूर केली. तीनुसार ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० मुलांची सोय करून उभी करावयाची आहेत. योजना स्तुत्य आहे. परंतु ती संपूर्ण अंमलात आली तरी ८,२०० मुलांची सोय होईल. लाखांच्या संख्येत असलेल्या कामगारांच्या मुलांपैकी हा लहानसाच भाग म्हटला पाहिजे. शिवाय सहा वर्षांखालील मुलाला आईपासून पाच महिने दूर ठेवण्याची कल्पना कोणीच करणार नाही. या वयाच्या मुलांना हा उपाय लागूच पडत नाही.

दुसरा उपाय शाळाच मुलामागे नेण्याचा. गेल्या शतकाच्या अखेरीपासून स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात 'साखरशाळा' चालविल्या. 'जनार्थ' या संस्थेचे काम त्यांत प्रसिद्ध आहे. मुले राहतात तेथेच वर्ग भरत असल्याने हजेरीची अडचण कमी झाली. परंतु हंगामापुरत्या शाळेला स्थायी शिक्षक व स्थायी अनुदान मिळणे कठीण असते, आणि साखरशाळेत शिकलेले गावच्या शाळेने मोजावे यासाठी दोन्हींत दुवा असावा लागतो.

तिसरा उपाय मुलाला तळाजवळच्या नियमित शाळेत घालण्याचा. २००९ च्या कायद्याचा कल या बाजूस आहे. मुलाने बरोबर न्यावयाचे शिक्षण हमी पत्र हे या उपायाचे साधन होय. तत्त्वतः हाच उपाय सर्वांत समतेचा, कारण त्यात स्थलांतरित मूल इतर मुलांच्या शेजारी बसते. व्यवहारात मात्र शाळा तळापासून दूर असते, तळ हंगामात दोन-तीनदा हलतो, आणि कर्नाटकात गेलेल्या मुलासमोर कन्नड फळा येतो.

५. पाळणाघर : शाळेची पहिली पायरी

तिन्ही उपायांत एक गोष्ट दुर्लक्षित राहिली आहे, व प्रस्तुत लेखकाच्या मते तीच निर्णायक आहे. तळावरील नऊ वर्षांची मुलगी शाळेत जात नाही याचे कारण बहुधा शाळेत नसते, तिच्या कडेवर असते. धाकट्या भावंडाची सोय झाल्याखेरीज शाळा कितीही जवळ आणली तरी ती मुलगी तेथे येऊ शकत नाही. अर्थात तळावरील पाळणाघर ही थोरल्या मुलीच्या शिक्षणाची पूर्वअट आहे. तान्ह्या मुलाची सुरक्षितता, आईचे निर्वेध काम, बालकाचा आहार व बहिणीची शाळा ही चारही कामे त्या एका व्यवस्थेने साधतात.

ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले व पुढे कोसबाड येथे ते आदिवासी मुलांत नेले. मुले शाळेत का येत नाहीत याचा शोध घेता, मोठी मुले लहानांना सांभाळतात व गुरे राखतात असे त्यांना दिसले. त्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र गुंफून 'विकासवाडी' उभारली, आणि गुराखी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली; तिलाच कुरणशाळा म्हणतात. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत इमारतींच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली. काम हलते तेथे मुलांची व्यवस्थाही हलू शकते, हे या दोन्ही प्रयोगांनी दाखवून दिलेले आहे.

६. जबाबदारी कोणाची?

शेवटचा प्रश्न खर्चाचा व दायित्वाचा. १९५१ च्या मळे-कामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांवर, ५० किंवा अधिक स्त्रिया कामास असल्यास पाळणाघर ठेवण्याचे बंधन मालकावर घातले होते, आणि कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय मालकाकडून करवून घेण्याची तरतूदही त्यात होती. ऊसतोडीत असे दायित्व निश्चित करणे कठीण जाते, कारण करार मुकादमाशी होतो, ऊस शेतकऱ्याचा असतो आणि साखर कारखान्याची होते. तिघांपैकी मालक कोण हे संदिग्ध राहते. ऊसतोड कामगारांसाठी २०१९ साली स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे कल्याण महामंडळामुळे निदान एक संस्था या कामगारांच्या नावाने उभी राहिली आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

तथापि महामंडळ असो वा शिक्षणखाते, मूल कोठे आहे हे ठाऊक असल्यावाचून दोघांनाही काही करता येणार नाही. आणि ही माहिती मिळविणे वाटते तितके अवघड नाही. ऊसतोडीचे स्थलांतर हे दुष्काळातील पळापळीसारखे अकल्पित नसते. हंगामापूर्वीच उचल दिली जाते, कोयत्यांची यादी होते, कोणती टोळी कोणत्या कारखान्याकडे जाणार हे ठरलेले असते. पैशाचा हिशेब ठेवण्यासाठी ही यादी काळजीपूर्वक केली जाते. तीत प्रत्येक कोयत्यापुढे बरोबर येणाऱ्या मुलांची नावे व वये लिहिण्याचा एक रकाना घातला, आणि तिची एक प्रत दिवाळीपूर्वी निघण्याच्या व पोहोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणच्या शाळेकडे व अंगणवाडीकडे गेली, तर कायद्याच्या नवव्या कलमातील कर्तव्य प्रथमच पाळता येण्याजोगे होईल. किती पाळणाघरे लागतील, किती शिक्षक लागतील, कोणत्या गावी मराठी वर्ग लागेल, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

हा रकाना म्हणजे सर्व प्रश्नाचे उत्तर नव्हे. उचलीचे ओझे, मजुरीचे दर व कोरडवाहू गावांतील रोजगाराचा अभाव हे मूळ प्रश्न त्याने सुटणार नाहीत, आणि ते सुटेपर्यंत कुटुंबे दरवर्षी निघत राहतील. परंतु ज्या यादीत बापाची उचल रुपयापर्यंत लिहिली जाते, तीत मुलाचे नाव लिहावयास अडचण असू नये. संशोधकांनी, विशेषतः समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांनी, आपापल्या तालुक्यातील एका टोळीपुरती तरी अशी यादी करून पाहावी. त्यातून पुढील अभ्यासास निश्चित आधार मिळेल, आणि त्या टोळीतील मुलांना कदाचित त्याच हंगामात शाळाही मिळेल.